कमजोरी कार्डावर छापलेलीच असते! मग डेक कसा बांधायचा आणि धंदा कसा टिकवायचा?



व्हिडिओखाली एक प्रश्न हमखास येतो. "सर, माल चांगला आहे, पण मोठ्या ब्रँडच्या भावासमोर टिकत नाही. काय करू?" आज याचं उत्तर जरा वेगळ्या ठिकाणी शोधू, पोकेमॉनच्या पत्त्यांच्या खेळात. तुमच्या घरातल्या मुलांना विचारा, त्यांना हा खेळ माहीत असेल.

आधी खेळ थोडक्यात. 1996 मध्ये जपानमध्ये सुरू झालेला हा खेळ दोघांत खेळतात. प्रत्येकाकडे 60 कार्डांचा डेक असतो आणि त्यातली 6 कार्डं सुरुवातीलाच 'प्राइझ' म्हणून बाजूला उपडी ठेवतात. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की आपण आपलं प्राइझ उचलायचं. सहाही आधी उचलली की डाव आपला. प्रत्येक पोकेमॉनचा एक टाईप असतो: आग, पाणी, गवत, वीज वगैरे. आणि बहुतेक कार्डांवर खाली त्याची कमजोरी छापलेली असते. त्या टाईपचा वार बसला की नुकसान थेट दुप्पट!

एक उदाहरण बघा. गार्डेव्हॉर ईएक्स हा सायकिक टाईपचा पोकेमॉन. त्याचा जीव, म्हणजे एचपी, 310. कमजोरी अंधार टाईपची. समोर आहे 2023 मध्ये आलेला अंधार टाईपचा चारिझार्ड ईएक्स, ज्याचा वार किमान 180 चा. एरवी 310 चा जीव संपवायला असे दोन वार लागले असते. इथे 180 चे झाले 360, एका वारात खेळ खलास. त्यात ईएक्स पोकेमॉन पडला की समोरच्याला एक नाही, दोन प्राइझ मिळतात. म्हणजे असे तीन पडले की आपण हरलो.

मग गार्डेव्हॉरचा डेक बांधायचाच नाही का? तर तसं नाही. या डेकने मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्यात. कशा, ते बघू.

1. कमजोर पत्ता पुढे उभा करू नका

नियम नीट वाचा. कमजोरीचा दुप्पट हिशोब फक्त पुढे लढणाऱ्या, म्हणजे 'ॲक्टिव्ह' पोकेमॉनला लागतो. मागे बेंचवर बसलेल्याला लागत नाही. गार्डेव्हॉरची खरी ताकद बेंचवरूनही चालते. टाकून दिलेली सायकिक एनर्जी उचलून तो आपल्या सायकिक पोकेमॉनना लावत राहतो. मग जाणकार खेळाडू त्याला मागे ठेवतात आणि लढायला ड्रिफ्लूनसारखा साधा पोकेमॉन पाठवतात. ड्रिफ्लूनचा जीव 70. तो 180 च्या वारात तसाही पडणार होता, मग 360 झाले काय आणि 500 झाले काय! समोरच्याचा दुप्पट फायदा वाया गेला आणि त्याच्या हाती लागलं एकच प्राइझ.

हो, 'बॉसेस ऑर्डर्स' नावाचं कार्ड खेळून समोरचा बेंचवरच्याला पुढे ओढू शकतो. पण त्यासाठी ते कार्ड त्याच्या हातात असावं लागतं, आणि तशी कार्डं एका चालीत एकच खेळता येतात.

धंद्यात? समजा तुमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. सुपरमार्केटच्या फळीवर मोठ्या ब्रँडच्या शेजारी पाकीट ठेवलंत की गिऱ्हाईक फक्त भाव बघणार. तिथे तुमची कमजोरी दुप्पट लागते. तोच मसाला केटरिंगवाल्याला त्याच्या चवीप्रमाणे कुटून दिलात, तर तुलनाच वेगळी होते.

2. पडलो तर किती जाणार, हे आधी मोजा

फक्त ईएक्स पुढे केले तर समोरच्याला तीन वार पुरतात: 2, 2, 2. मध्ये एक साधा, एका प्राइझचा पोकेमॉन पुढे केला तर हिशोब होतो 1, 2, 2, आणि अजून एक प्राइझ बाकी! म्हणजे चौथा वार लागणारच. आपल्याला एक चाल जास्त मिळाली. कित्येक डाव त्या एका चालीत फिरतात.

मसाल्याची नवी चव काढायचीय? पहिल्यांदा 5 किलो काढा. फसली तर एक प्राइझ गेलं समजा. कर्ज काढून 200 किलो केलात आणि फसलात, तर पुढची चाल खेळायला भांडवलच उरणार नाही.

3. दुसरा हल्लेखोर ठेवा, पण इंधन तेच हवं

नवशिका काय करतो? गवत टाईप त्रास देतोय म्हणून आग टाईपचा पोकेमॉन डेकमध्ये घालतो, पाण्याची भीती वाटते म्हणून विजेचा घालतो. पण प्रत्येकाला वेगळी एनर्जी लागते आणि हातातून एनर्जी एका चालीत एकच लावता येते. हातात आगीचा पोकेमॉन आणि विजेची एनर्जी, बसा बघत!

म्हणून असा साथीदार शोधा जो आपल्याच एनर्जीवर चालतो, किंवा ज्याला कुठलीही एनर्जी चालते. हाच चारिझार्ड बघा. तो लढतो आगीच्या एनर्जीवर, पण त्याचा वार अंधार टाईपचा आणि कमजोरी गवताची. त्यामुळे आगीच्या डेकला मारायला म्हणून पाणी घेऊन आलेला माणूस त्याच्यासमोर फसतो.

धंद्यातही जोड-उत्पादन त्याच कांडप यंत्रावर, त्याच गिऱ्हाइकासाठी निघालं पाहिजे. मसाल्याबरोबर चटणी ठीक. मसाल्याबरोबर मोबाईल कव्हर नको!

4. एक प्रत म्हणजे नशिबावर हवाला

एका नावाची जास्तीत जास्त 4 कार्डं ठेवता येतात (मूळ एनर्जी सोडून). सुरुवातीला हातात 7 कार्डं येतात. एकच प्रत ठेवली तर ती पहिल्या हातात येण्याची शक्यता साधारण 12 टक्के. चार ठेवल्या तर सुमारे 40 टक्के. शिवाय एकुलती एक प्रत दहापैकी एका डावात प्राइझमध्येच अडकते. म्हणून तोडगा घालायचाच असेल तर तो शोधून आणणारी कार्डंही डेकमध्ये हवीत.

एकच पुरवठादार, एकच कारागीर असा धंदा असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

5. कुठे हरायचं तेही ठरवा

कमजोरी पुसणारी कार्डंही निघाली होती. 'वीकनेस पॉलिसी' लावलं की त्या पोकेमॉनला कमजोरीच राहत नाही. पण ते घालायचं तर 60 मधून दुसरं काहीतरी काढावं लागतं, आणि समोर तो टाईप आलाच नाही तर ते कार्ड हातात नुसतं पडून राहतं. पाच टाईपवर पाच तोडगे घातले की आपला मूळ डावच लागत नाही. सगळ्यांवर भारी पडणारा डेक नसतो. म्हणून आधी बघा, तुम्ही जिथे खेळता तिथे कोणते डेक जास्त येतात. जो रोज समोर येतो त्याच्यासाठी जागा काढा. जो क्वचित येतो त्याच्यासमोर हरलात तरी चालेल.

आजचं काम

वही घ्या, तीन रकाने आखा. पहिल्यात धंद्याची छापील कमजोरी लिहा, म्हणजे जी तुमच्या हातात नाही ती. दुसऱ्यात, ती नेमकी कुठे दुप्पट लागते ते लिहा: कुठलं दुकान, कुठलं गिऱ्हाईक, कुठला महिना. तिसऱ्यात, तिथे पुढे काय उभं करणार आणि ते पडलं तर किती रुपये जाणार, तो आकडा लिहा. रक्कम मोजूनच लिहा, अंदाजे नको.

तिसरा रकाना रिकामा राहिला तर कमेंटमध्ये तुमचा धंदा आणि कमजोरी लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातलीच काही उदाहरणं घेऊन बसू. भेटू!