प्रवरा खोऱ्यातील मानवसंस्कृती

महाराष्ट्र राज्याच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातून वाहणाऱ्या प्रवरा नदीकाठच्या मानवी वस्तीचा, भाषेचा व स्थित्यंतरांचा इतिहास. प्रवरा ही गोदावरीची उपनदी सह्याद्रीत अकोले तालुक्यातील रतनगडाच्या परिसरात उगम पावते व पूर्वेस सु. २०० किमी. वाहत जाऊन प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. मुळा, आढळा व म्हाळुंगी या तिच्या मुख्य उपनद्या होत. उगमाकडील डोंगराळ भागात मुसळधार पाऊस पडतो. संगमनेरच्या पूर्वेचा प्रदेश मात्र पर्जन्यछायेत मोडतो आणि वारंवार अवर्षणास तोंड देतो. डोंगरात भरलेली नदी कोरड्या पठारावरून वाहते, ही भौगोलिक वस्तुस्थिती येथील वस्तीस सर्व काळांत निर्णायक ठरली आहे.

आदिमानवाची दगडी हत्यारे, पहिल्या शेतकऱ्यांची घरे व दफने आणि मराठी भाषेतील एक आद्य ग्रंथ असा तीन प्रकारचा पुरावा या एका खोऱ्यात मिळतो. त्यामुळे येथील मानवी परंपरा अखंड असावी, असा समज सहज होतो. उपलब्ध पुरावा त्यास दुजोरा देत नाही. वस्त्या वसल्या, ओस पडल्या आणि त्यांच्या जागी दीर्घ खंडानंतर वेगळ्या संस्कृतीचे लोक आले, असेच थरांवरून दिसते.

खोऱ्यातील प्रागैतिहासिक संशोधनाचे केंद्र नेवासे हे होय. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५४–५६ मध्ये तेथे उत्खनन केले व पुढे १९५९–६१ मध्येही ते चालू राहिले. नदीच्या उभ्या काठात मूळ खडकावर गोट्यांचा व वाळूचा घट्ट चिकटून दगडासारखा झालेला थर दिसतो. त्यावर पिवळसर गाळ व त्याच्या वर बारीक खडीचा थर आहे. खालच्या थरात काळ्या पाषाणाच्या हातकुऱ्हाडी व रुंद धारेच्या फरशा सापडतात. वरच्या खडीतील हत्यारे लहान असून ती चर्ट, जॅस्पर, अकीक अशा गुळगुळीत फुटणाऱ्या दगडांच्या छिलक्यांपासून केलेली आहेत. तासण्या, टोचे व अणीदार हत्यारे त्यांत प्रामुख्याने आढळतात. आफ्रिका व यूरोप येथील ज्या हत्यारांशी त्यांची तुलना झाली होती, त्यांच्यासारखा मध्य पुराश्मयुगीन उद्योग भारतात निश्चित स्तरांत प्रथम येथे दिसून आला, म्हणून सांकलियांनी त्यास ‘नेवासियन’ असे नाव दिले. ते नाव आता मागे पडले असले, तरी थरांच्या क्रमाचे महत्त्व कायम आहे. याच थरांतून रानबैलाच्या एका लुप्त जातीचे अश्मीभूत अवशेषही मिळाले.

नेवाशाजवळील चिरकी नाल्यावर गुडरून कॉर्व्हिनस या जर्मन विदुषीने १९६६ पासून उत्खनन केले. तेथील हातकुऱ्हाडी व फरशा पाण्याने फार दूरवरून वाहून आलेल्या नाहीत. बऱ्याच हत्यारांच्या धारा शाबूत आहेत. अर्थात ती जेथे घडली व वापरली गेली, त्या जागेच्या निकटच पडून राहिली असावीत. युरेनियम–थोरियम पद्धतीने केलेल्या कालमापनावरून नेवाशाचा हा थर साडेतीन लाख वर्षांहून जुना ठरतो. ही पद्धत त्यापलीकडचा काळ मोजू शकत नाही. म्हणून ही अखेरची मर्यादा आहे, प्रत्यक्ष वय नव्हे. तमिळनाडूतील अत्तिरंपक्कम येथील याच प्रकारची हत्यारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून दक्षिण भारतातील मानवाचे प्राचीनत्व पूर्वीच्या कल्पनेपेक्षा फार मागे गेले आहे.

ही हत्यारे करणारा मानव कोणत्या जातीचा होता, हे मात्र दगडांवरून ठरत नाही. प्रवरेच्या पुराश्मयुगीन थरांत मानवी हाड मिळालेले नाही. संपूर्ण भारतात त्या काळाचे सर्वांत महत्त्वाचे अवशेष म्हणजे मध्य प्रदेशातील हथनोरा येथे नर्मदेच्या गाळात १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना सापडलेली कवटी. ती आधुनिक मानवाची नसून त्याआधीच्या मानवाची आहे. आजचा मानव आफ्रिकेतून बाहेर पडून आशियात पसरला, तो त्याहून फार अलीकडे. तेव्हा चिरकीचा हातकुऱ्हाडधारी हा आजच्या प्रवराकाठच्या रहिवाशाचा सरळ पूर्वज होय असे म्हणणे शास्त्रास धरून होत नाही. मध्य पुराश्मयुगीन हत्यारांचे कर्ते कोण, हा प्रश्न तर अधिकच गुंतागुंतीचा झाला आहे. कारण अत्तिरंपक्कम येथे तशी हत्यारे ३,८५,००० वर्षांइतकी मागे गेल्याचे २०१८ मध्ये दाखविण्यात आले.

नेवाशाच्या क्रमात यानंतर एकदम ताम्रपाषाणयुग येते. या कालखंडाचे खोऱ्यातील सर्वांत मोठे स्थळ म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद. ते १९५८ मध्ये भा. पो. बोपर्डीकर यांनी शोधले, पुढे म. न. देशपांडे, शि. रं. राव व शां. अ. साळी यांनी तेथे टप्प्याटप्प्याने उत्खनने केली. त्यांत १९७५–७९ मधील साळी यांचे काम सर्वांत विस्तृत आहे. त्यांनी सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा व जोर्वे अशा पाच संस्कृतींचा क्रम निश्चित केला (इ. स. पू. सु. २२००–१०००). सिंधू संस्कृतीचा प्रभाव गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचला होता, हे या उत्खननाने सिद्ध झाले. अहमदनगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात स्थानबद्ध असताना जवाहरलाल नेहरूंनी १९४४ मध्ये डिस्कव्हरी ऑफ इंडिया हा ग्रंथ लिहिला व भारताच्या इतिहासाचा आरंभ सिंधू संस्कृतीपासून केला. त्या संस्कृतीचा एक दक्षिणेकडील टोकाचा अवशेष त्याच जिल्ह्याच्या मातीखाली आहे, हे त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते.

दायमाबादची ख्याती आहे ती तेथील चार ब्राँझ प्रतिमांमुळे. त्या १९७४ मध्ये एका भिल्ल रहिवाशास झुडपाचे मूळ खणताना मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला व सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा या भरीव ओतकामाच्या वस्तूंचे एकूण वजन ६० किग्रॅ.हून अधिक आहे. त्या शास्त्रशुद्ध उत्खननात नव्हे, तर योगायोगाने मिळाल्यामुळे त्यांच्या काळाविषयी मतभेद आहेत. पुष्कळ पुरातत्त्वज्ञ त्या उत्तर हडप्पा काळातील मानतात. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून काहींनी त्याविषयी शंका उपस्थित केली आहे.

संगमनेर तालुक्यातील जोर्वे या लहानशा गावाने एका संपूर्ण संस्कृतीस आपले नाव दिले. तेथे १९५०–५१ मध्ये उत्खनन झाले. चाकावर घडविलेली, पक्की भाजलेली, टिचकी मारताच धातूसारखी वाजणारी तांबूस मृद्‌भांडी व त्यांवरील काळ्या रंगातील भौमितिक नक्षी हे या संस्कृतीचे लक्षण होय. लांब तोटीचे भांडे व मध्ये कंगोरा असलेला वाडगा हे त्यांतील ठळक प्रकार आहेत. हे लोक जव, गहू, मसूर, कुळीथ यांची शेती करीत, गुरे व शेळ्यामेंढ्या पाळीत आणि कुडाच्या घरांत राहत. तांबे दुर्मिळ असल्याने दैनंदिन कामास दगडी पातीच वापरीत.

मृत बालकांना ते घराच्या जमिनीखालीच पुरीत. तोंडास तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत शव ठेवण्याची रीत होती. नेवासे येथील अशाच एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिच्यातील ओवणीचा दोरा, तांब्याच्या क्षारांमुळे टिकून राहिलेला, कापूस व रेशीम यांचा असल्याचे तज्ञांच्या तपासणीत आढळले. भारतातील वस्त्रतंतूंच्या इतिहासात या दोऱ्यास मोठे स्थान आहे. बालकांच्या दफनांची मोठी संख्या पाहता बालमृत्यूंचे प्रमाण भयावह होते, यात संशय नाही. नेवासे, दायमाबाद व पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील बालकांच्या सांगाड्यांचा अलीकडे एकत्रित अभ्यास झाला असून इनामगावच्या अखेरच्या काळातील मुलांची वाढ खुंटल्याचे त्यातून दिसते.

इ. स. पू. सु. १००० मध्ये दायमाबाद व नेवासे या वस्त्या ओस पडल्या. पर्जन्यमान घटून दुष्काळ पडले व लोक पशुपालनाकडे वळले, अशी उपपत्ती म. के. ढवळीकर यांनी मांडली. नंतरच्या काही अभ्यासकांना ती पुरेशी वाटत नाही. हवामान आधीपासूनच निमशुष्क होते आणि जमिनीवरील ताण हे कारण अधिक संभवते, असे त्यांचे मत आहे. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे : प्रवरेच्या पाण्यावर आठ–दहा शतके तगून राहिलेली खेडी परचक्रावाचून रिती होऊ शकली.

हे लोक कोणती भाषा बोलत? दायमाबादच्या उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीतील चिन्हे असलेल्या मुद्रा व खापरे मिळाली. खोऱ्यातील हे सर्वांत जुने लेखन असले, तरी ती लिपी अद्याप निर्विवादपणे वाचली गेलेली नाही. जोर्वे लोकांनी तर काहीच लिहून ठेवले नाही. खापरावरून बोली ओळखता येत नाही. एकाच प्रकारची भांडी वापरणारे लोक भिन्नभाषी असू शकतात. मराठीच्या घडणीवरून मात्र काही अनुमाने निघतात. ऐकणाऱ्यास सामावून घेणारे ‘आपण’ व त्यास वगळणारे ‘आम्ही’ हा भेद मराठीत आहे, संस्कृतात नाही. द्राविडी भाषांत तो आहे. अशा लकबींवरून या प्रदेशात आर्य व द्राविडी भाषिकांचा दीर्घ सहवास झाला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तो केव्हा व कोणत्या वस्त्यांतून झाला, हे सांगण्याचे साधन नाही.

सातवाहन काळात नेवाशाच्या लाडमोड टेकाडावर पुन्हा वस्ती झाली. तेथील रोमन मद्यकुंभांचे तुकडे भूमध्य सागराशी चाललेल्या व्यापाराची साक्ष देतात. राजधानी प्रतिष्ठान (पैठण) जवळच होती व राजव्यवहाराची भाषा प्राकृत होती. यानंतर टेकाडाच्या थरांत मोठी पोकळी आढळते व ती चौदाव्या शतकाच्या पुढेच भरते. विशेष हे की, ज्या घटनेमुळे नेवासे मराठी मनास परिचित आहे, ती नेमकी या पोकळीत पडते. यादव राजा रामचंद्राच्या काळात, शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये, ज्ञानदेवांनी गीतेवरील आपली सु. नऊ हजार ओव्यांची टीका येथे सांगितली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. टेकाडाच्या मातीने या शतकाविषयी काही सांगितलेले नाही. ग्रंथाच्या समाप्तीच्या ओव्यांतच स्थळ, राजा व शक यांचा उल्लेख येतो. त्याच काळात गोदाकाठी डोमेग्राम येथे चक्रधरांचे वास्तव्य झाले व त्यांच्या आठवणींतून म्हाइंभटांचा लीळाचरित्र हा गद्यग्रंथ सिद्ध झाला. थोड्या वर्षांच्या व थोड्या कोसांच्या अंतरात मराठी पद्य व गद्य ही दोन्ही प्रौढ रूपात अवतरली.

पुढे काही वर्षांतच देवगिरीवर खल्‌जीची स्वारी झाली व १३१८ पर्यंत यादवसत्ता संपली. बहमनी व १४९० पासून निजामशाही राजवटीत दफ्तराची भाषा फार्सीमिश्रित झाली; जमीन, वसूल, जामीन, फिर्याद हे शब्द मराठीने पचवून टाकले. बोलीत असे पालट झाल्याने ज्ञानेश्वरीच्या नकलांत पाठभेद वाढले, तेव्हा एकनाथांनी पैठण येथे शके १५०६ (१५८४) मध्ये प्रती ताडून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. राजकीय उलथापालथीत भाषा परकी झाली असे मात्र नाही. याच जिल्ह्यात श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात योगसंग्राम हा ग्रंथ मराठीतच रचला.

इंग्रजी अंमल १८१८ मध्ये आल्यावर खोऱ्याच्या दोन्ही टोकांचे जीवन ढवळून निघाले. वरच्या डोंगरी भागात अकोले तालुक्यातील देवगावचा महादेव कोळी राघोजी भांगरे याने सरकार व सावकार यांविरुद्ध बंड केले. १८४८ मध्ये त्यास ठाणे येथे फाशी झाली. भागोजी नाईकाच्या नेतृत्वाखाली संगमनेर–सिन्नर भागातील भिल्लांनी १८५७–५९ मध्ये लढा दिला. खालच्या मैदानी भागास १८७६–७८ चा दुष्काळ भोवला. त्यावर उपाय म्हणून पाटबंधाऱ्यांकडे लक्ष गेले आणि भंडारदरा येथील धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. तीन हजार वर्षांपूर्वी ज्या जमिनीवर जवाचे पीक काढून लोक निघून गेले, त्या जमिनीवर कालव्याच्या पाण्याने ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी लोणी येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला व ग्रामीण सत्तेचे स्वरूपच पालटले. बारमाही पाण्याच्या अतिवापराने काही जमिनी चोपण झाल्या, हेही नमूद केले पाहिजे. पैठणजवळील जायकवाडी धरणाचे १९७६ मध्ये उद्‌घाटन झाले. त्याच्या जलाशयामुळे नेवासे व शेवगाव तालुक्यांतील अनेक गावांना उठून नव्या ठिकाणी वसावे लागले.

या बदलांचा परिणाम पुराव्यावरही झाला आहे. शेतजमिनीचे सपाटीकरण व नदीपात्रातील वाळूचा बेसुमार उपसा यांमुळे काठाचे थर तुटतात व हत्यारे आपल्या मूळ जागेवरून निसटतात. स्तरापासून सुटलेल्या हातकुऱ्हाडीचा आकार ओळखू येतो, परंतु तिचा काळ ठरविता येत नाही. गाळातील वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला, हे मोजण्याच्या नव्या पद्धती साडेतीन लाख वर्षांची जुनी मर्यादा ओलांडू शकतील. त्यांसाठी चिरकी व नेवासे येथील न हललेले थर जागेवर असणे आवश्यक आहे.