निराश एलीया आणि देवाची भाकर

निराश होणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं मंडळीत सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. १ राजे १९ उघडा. कर्मेल डोंगरावर विजय मिळवलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला झापत नाही. देवदूत भाकर-पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. प्रश्न विचारला जातो तो पुढे, होरेब डोंगरावर. (आपण मात्र आधी उपदेश करतो!) त्यामुळे विश्रांती किंवा डॉक्टरांची मदत घेणं अविश्वास कसा ठरेल?

कुणी म्हणेल, देवाकडे तक्रार करणं हे बंडच. पण स्तोत्रसंहितेत विलाप भरपूर आहेत. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच, कारण बोलणं देवाशीच चाललंय. वधस्तंभावर येशूनेही २२व्या स्तोत्राच्या आरंभीचाच आक्रोश केला.