सी-ए-टी कॅटच्या पुढे

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांच्या बालपणाची गोष्ट अजून सांगितली जाते. १८७५ च्या मे महिन्यात कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसविला, तेव्हा त्याला कोणत्याही भाषेची अक्षरओळख नव्हती. मग मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास एकदमच सुरू झाला. इंग्रजीसाठी एलियट साहेब नेमले गेले. १८८१ च्या २८ डिसेंबरला महाराजांनी कारभाराची सूत्रे हाती घेतली, म्हणजे मधे उणीपुरी साडेसहा वर्षे गेली. ही गोष्ट सांगणाऱ्यांचा रोख महाराजांच्या बुद्धिमत्तेवर असतो आणि तो योग्यच आहे. मी मात्र चौतीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकविण्यात घालविली असल्यामुळे माझे लक्ष बारा या आकड्याकडे जाते. आजचा पालक मूल तीन वर्षांचे होण्याआधीच इंग्रजी शिशुवर्गाच्या दारात रांग लावतो. उशीर झाला तर गाडी चुकेल अशी त्याला धास्ती असते. प्रत्येक घरी एलियट साहेब येत नाहीत हे कबूल. पण गाडी बाराव्या वर्षीही सापडते, एवढे या गोष्टीवरून दिसते.

याच महाराजांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले ते देशी भाषांतून. इंग्रजीची पायरी त्यानंतरची. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने पाचवी ते सातवीचे इंग्रजी बंद करून ते आठवीपासून ठेवले. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तो नियम आमच्याही वाट्याला आला. त्या पिढीतील मुलांना ओठांवर मिसरूड फुटू लागल्यावर ए, बी, सी, डी म्हणावयाची वेळ आली. यावर तेव्हा पुष्कळ आरडाओरडा झाला. उलट बाजूस २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. कोणत्या इयत्तेत सुरू करावे यावर आपण जितकी शाई खर्च केली, तिच्या दशांशानेही कसे शिकवावे यावर केली नाही, असे माझे मत आहे.

पुष्कळ वाचकांना आपला पहिला इंग्रजीचा तास आठवत असेल. सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. सबंध वर्ग एका सुरात ओरडे आणि गुरुजी टेबलावर रूळ आपटून ताल धरीत. आमच्या वर्गात एक चौकस मुलगा होता. त्याने विचारले, "सर, सी, ए आणि टी मिळून सीएटी व्हायला पाहिजे. कॅट कसे झाले?" त्याला खाली बसविण्यात आले. वास्तविक त्याचा प्रश्न इंग्रजी वाचनाच्या अगदी मुळावर बोट ठेवणारा होता. आपल्या देवनागरीत अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार एकच. क ला क म्हणतात आणि तो वाचतातही क. इंग्रजीत अक्षराचे नाव निराळे आणि काम निराळे. एच या नावात ह चा पत्ता नाही आणि डब्ल्यू या लांबलचक नावात व कोठे आहे ते शोधावे लागते. त्यातून अक्षरे सव्वीस आणि ध्वनी सुमारे चव्वेचाळीस. पाच स्वराक्षरांवर वीसएक स्वरांचा बोजा. तेव्हा मुलाला आधी अक्षरांची नावे पाठ करावयास लावणे म्हणजे स्वयंपाक शिकविण्यापूर्वी डब्यांवरच्या चिठ्ठ्या पाठ करावयास लावणे होय. अक्षराचा ध्वनी आधी आणि नाव मागाहून, हा क्रम आता पुष्कळ शाळांनी स्वीकारला आहे. पण शिकवणीच्या वर्गांतून अजून सी-ए-टीचा गजर ऐकू येतो.

देवनागरीने आपल्याला दिलेली आणखी एक सवय येथे आडवी येते. आपल्या प्रत्येक व्यंजनात अ मुकाट्याने बसलेला असतो. म्हणून नवशिके मूल स्वतःचे नाव कमल असे रोमन लिपीत लिहिताना के, एम, एल एवढीच अक्षरे मांडते आणि आपण काही सोडले आहे असे त्याला वाटतही नाही. शिप आणि शीप यांतील फरक त्याच्या कानाला चटकन कळत नाही, कारण मराठी बोलताना ऱ्हस्वदीर्घाने अर्थ बदलण्याचे प्रसंग थोडेच. ही मुलाची मंदबुद्धी नव्हे. त्याच्या मातृभाषेचा हिशेब निराळा आहे, आणि शिक्षकाला दोन्ही हिशेब ठाऊक असले पाहिजेत. बडोद्याच्या मुलाचा एक फायदा मात्र सांगितला पाहिजे. तो घरी बाळबोध वाचतो आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्यांवर शिरोरेघ नसलेली गुजराती वाचतो. एकच ध्वनी दोन वेशांत वावरू शकतो हे त्याला सहाव्या-सातव्या वर्षीच कळलेले असते, त्यामुळे तिसऱ्या लिपीचे त्याला फारसे भय नसते. असे मी वर्गात वारंवार पाहिले आहे.

आता भाषांतराविषयी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. हल्लीच्या विद्वानांना भाषांतराचे नाव काढलेले खपत नाही. वर्गात मराठीचा शब्द उच्चारू नये असा त्यांचा दंडक. मला हे पटत नाही. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात आवडण्याचे काम आंबा करतो, आणि इंग्रजीत तेच काम 'मी'ने करावयाचे असते. 'रामाने पोळी खाल्ली' यात क्रियापद पोळीच्या तंत्राने चालते. इंग्रजीत पोळीला कोणी विचारीत नाही. ही गंमत दोन वाक्ये शेजारी-शेजारी फळ्यावर लिहिल्यावाचून दिसायची नाही. एकदा दिसली की मूल 'रामाने' मधल्या 'ने'साठी इंग्रजी शब्द शोधीत बसत नाही. जुन्या पद्धतीचा दोष भाषांतरात नव्हता. मुलांना सुटी वाक्ये मिळत गेली आणि सलग गोष्ट कधी मिळाली नाही, हा तो दोष होता.

या ठिकाणी मायकेल वेस्ट या शिक्षकाची आठवण होते. हा इंग्रज गृहस्थ ढाक्क्याच्या अध्यापक विद्यालयात होता आणि १९२६ साली त्याने बंगालमधील द्विभाषिक शिक्षणावर पुस्तक लिहिले. त्याचा मुद्दा मध्यमवर्गीय माणसाला झटकन समजेल असा आहे. विम्याची पॉलिसी मुदतीपूर्वी मोडली तर हाती काही रक्कम येते की नाही, हे आपण आधी विचारतो. शाळेतले इंग्रजी मधेच सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय येते, असे वेस्टने विचारले. मॅट्रिकपर्यंत जाऊन पुढे कॉलेजात शिरणारे थोडे, वाटेत गळणारे फार. आणि सगळा अभ्यासक्रम मात्र त्या थोड्यांसाठी आखलेला. म्हणून त्याने वाचनाला पहिले स्थान दिले. मोजक्या शब्दांत लिहिलेल्या सोप्या गोष्टींची वाचनमाला तयार केली. तीत नवा शब्द बेताबेताने येई आणि आला की पुन्हा पुन्हा भेटे. १९५३ साली त्याने सुमारे दोन हजार उपयुक्त शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि ती जगभर वापरली गेली. दोन वर्षे शिकून शाळा सोडणारा मुलगासुद्धा एखादे सोपे पुस्तक स्वतः वाचू शकला, तर त्याची दोन वर्षे बुडाली नाहीत, हा वेस्टचा हिशेब होता.

आपल्याकडे ती वर्षे बुडतात. 'असर' या पाहणीत २०१६ साली ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी सुमारे ४५ टक्के मुले साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकली. २००९ साली हेच प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात होते. मधल्या काळात इंग्रजी खालच्या वर्गांत सरकत होते हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा अधिकच बोचतो. शहरातले दुखणे वेगळे. आमच्या ओळखीच्या एका घरी नातवाने इंग्रजी वृत्तपत्राचा मथळा घडाघडा वाचून दाखविला. आजीने कौतुकाने विचारले, "काय लिहिलंय रे त्यात?" तो म्हणाला, "ते टीचरने अजून सांगितलं नाही." आजी हसली. तिने कपाटातले पणजोबांचे मराठी पत्र त्याच्यापुढे धरले, तर तेही त्याला वाचता येईना. एक भाषा तोंडात आली होती, दुसरी डोळ्यांतून गेली होती, आणि अर्थ दोहोंकडून निसटला होता. अशी घरे आता आपल्यात थोडी नाहीत.

अर्थ शिक्षकाने सांगावयाचा आणि मुलाने उतरवून घ्यावयाचा, हे दुखणे जुने आहे. अरविंद घोष १८९३ साली बडोद्याच्या नोकरीत आले आणि पुढे बडोदे कॉलेजात इंग्रजी शिकवीत. त्यांनी उत्तरायुष्यात सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. साऊदीने लिहिलेले नेल्सनचे चरित्र ते शिकवीत असता विद्यार्थ्यांनी तक्रार केली की, आपले विवेचन पुस्तकातील टीपांशी जुळत नाही. अरविंदबाबूंनी त्या टीपा वाचल्याच नव्हत्या. विद्यार्थी त्यांचे व्याख्यान शब्दशः उतरवून पाठ करीत, शिवाय मुंबईच्या प्राध्यापकांच्या टीपा मागवीत, विशेषतः ते परीक्षक होण्याचा संभव असेल तर. केंब्रिजहून आलेल्या माणसाला हे नवल वाटले. आपल्याला वाटत नाही. आपल्याकडे त्या टीपांचे आता छापील गाईड झाले आहे.

लेखनाची गोष्ट याहून बिकट. चार रेघी वहीत कित्ता गिरविणे, मग शुद्धलेखन, मग रजेचा अर्ज, मग गाईवरील निबंध. रजेच्या अर्जात मुलाला दर वेळी ताप येतो, कारण तापाचे वाक्य पाठ असते. पाय मुरगळला तर काय लिहावे ते त्याला माहीत नसते. एका शाळेत, तिचे नाव कशाला सांगू, निबंध फळ्यावर लिहून सर्व वर्गाने उतरवून घ्यावा असा वरून हुकूम होता. चाळीस वह्यांत चाळीस सारखे निबंध, तपासावयास सोपे. मी आठवी-नववीच्या मुलांना पाचच वाक्ये लिहावयास सांगत असे, पण स्वतःची. एका वर्षी कार्तिकी पौर्णिमेनंतर विषय दिला, नृसिंहजीचा वरघोडा. वर्गात एकदम गलबला झाला. पालखीला काय म्हणावे, वर होऊन निघालेल्या देवाला 'ही' लिहावे की मोठ्या लिपीतले 'ही', तुळशीचे लग्न हे वाक्य इंग्रजीत हास्यास्पद तर दिसणार नाही ना? एकाने पालखी हा शब्द तसाच रोमन लिपीत ठेवला आणि खाली कंसात दोन वाक्यांत समजावून सांगितला. दुसऱ्याने कर्त्याच्या जागी गर्दी घातली आणि क्रियापद शेवटी टाकले, अगदी मराठी थाटात. त्या दिवशी घंटा झाल्यावरही सात-आठ मुले बाकांवरून उठली नाहीत. तिसरे वाक्य अर्धे राहिले होते आणि कोणाला तरी आठवले होते की, इंग्रजांच्या पुस्तकात पालखी हा शब्द वाचलेला आहे, त्याचे स्पेलिंग वेगळेच होते. ग्रंथालयातून शब्दकोश आणावयास दोघे पळाले.