फाइल पोचली, पैसे पोचले का?

कंपनीचा संगणक आणि बँकेचा सर्व्हर यांच्यात माणसाने मध्ये न पडता फायलींची देवाणघेवाण होते, त्या व्यवस्थेला बँकांमध्ये 'होस्ट-टू-होस्ट' म्हणतात. दोन हजार कामगारांचा पगार करायचा असेल तर पगाराच्या सॉफ्टवेअरमधून एक फाइल निघते. तिच्या एका ओळीत एक माणूस असतो: नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, रक्कम. ती फाइल बँकेच्या सर्व्हरवरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडते, बँकेची यंत्रणा ती उचलते, आणि काही वेळाने उत्तराची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये येते. ही ने-आण करणाऱ्या कमांड आधी लिहून ठेवलेल्या असतात आणि ठरलेल्या वेळी आपोआप चालतात. त्या लिहून ठेवलेल्या कमांड म्हणजेच स्क्रिप्ट.

पगाराखेरीज याच वाटेने पुरवठादारांची देणी जातात. कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते आणि म्युच्युअल फंडाच्या 'एसआयपी' वसूल करण्याच्या 'नॅच' फायली जातात. पन्नास हजार रुपये व त्यावरच्या धनादेशांसाठी १ जानेवारी २०२१ पासून त्यांचा तपशील बँकेला आधीच कळवण्याची 'पॉझिटिव्ह पे' पद्धत आली, तेव्हापासून दिलेल्या धनादेशांच्या याद्याही जातात. उलट दिशेने येतात खात्याचे उतारे आणि कोणाचे पैसे गेले, कोणाचे परत आले हे सांगणारी 'रिव्हर्स फाइल'.

स्क्रिप्ट नसेल तर हेच काम नेट बँकिंगवर होते. लेखा विभागातला एक जण फाइल अपलोड करतो, दुसरा मंजुरी देतो. त्यात धोका असा की फाइल मधल्या काळात कोणाच्या तरी डेस्कटॉपवर पडून असते आणि एका ओळीतला खाते क्रमांक बदलायला अर्धे मिनिट पुरते. स्क्रिप्टने माणसाचा हात मधून निघतो. पण हाताबरोबर डोळाही निघून जातो. 'आज यादी जरा लहान दिसते' असे म्हणणारे कोणी उरत नाही. म्हणून फाइल पाठवणे हा या कामाचा सोपा भाग ठरतो. पाठवल्यावर नेमके काय झाले हे स्क्रिप्टला कळले पाहिजे, आणि अवघड भाग तो आहे.

फायली पाठवण्याचा मूळ प्रोटोकॉल, एफटीपी, एका भारतीयाने लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये त्याचा पहिला मसुदा मांडला. त्या काळच्या जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि प्रयोगशाळा होत्या, त्यामुळे पासवर्ड उघड्या अक्षरांत गेला तरी बिघडत नव्हते. पुढे बिघडले. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तरी पासवर्ड चोरून वाचले, आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी उत्तरादाखल सगळी देवाणघेवाण कुलूपबंद करणारे एसएसएच तयार केले. एफटीपीचे दार, म्हणजे पोर्ट, २१ क्रमांकाचे; दूरच्या संगणकावर काम करण्याच्या जुन्या टेलनेटचे २३. मधले २२ रिकामे होते, ते एसएसएचला मिळाले. बँका आज वापरतात ते एसएफटीपी याच एसएसएचच्या आत चालते. नाव सारखे असले तरी एफटीपीशी त्याचे आतले नाते काही नाही. गंमत म्हणजे त्याचा मसुदा अधिकृत इंटरनेट मानक कधी झालाच नाही, तरी जगभरच्या बँका त्यावर विसंबून आहेत. एफटीपीएस हे तिसरेच प्रकरण: जुन्याच एफटीपीवर चढवलेला सुरक्षेचा थर. बँकेबरोबरच्या पहिल्या बैठकीत एसएफटीपी आणि एफटीपीएस या नावांची गल्लत झाली की फायरवॉलमध्ये भलतेच पोर्ट उघडले जाते आणि चार दिवस फुकट जातात.

जोडणीसाठी दोन्हीकडची ओळख पटावी लागते. बँक कंपनीचा ठरावीक आयपी पत्ताच आत घेते आणि पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी मागते. सार्वजनिक किल्ली बँकेकडे, खासगी कंपनीकडे. स्क्रिप्टच्या दृष्टीने हे सोयीचेही आहे, कारण रात्री दोन वाजता पासवर्ड टाईप करायला कोणी बसलेले नसते, आणि पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवला तर फाइल वाचू शकणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो. खासगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येत असेल तर ओपनएसएसएच हे एसएसएचचे प्रचलित सॉफ्टवेअर ती वापरायलाच नकार देते.

उलट बाजूची ओळख मात्र अनेकदा दुर्लक्षिली जाते. समोरचा सर्व्हर खरोखर बँकेचाच आहे का, हे त्याच्या किल्लीच्या ठशावरून ठरते. हा ठसा बँकेकडून वेगळ्या मार्गाने मागवायचा, जुळवायचा आणि कायमचा नोंदवून ठेवायचा असतो. पुढे कधी तो बदललेला दिसला की प्रोग्रॅम अडून बसतो. अशा वेळी ही तपासणीच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. बँकेने सर्व्हर बदलला असेल तर बँक तसे कळवते; कळवले नसेल तर स्क्रिप्ट अडली हे उत्तम झाले. अडण्याची निरुपद्रवी कारणेही असतात. ओपनएसएसएचच्या २०२१ मधल्या ८.८ आवृत्तीने एसएचए-१ वर आधारलेल्या जुन्या आरएसए सह्या मूळ सेटिंगमध्येच बंद केल्या. कंपनीने संगणक अद्ययावत केला आणि समोर जुना सर्व्हर असला, तर कालपर्यंतची जोडणी आज तुटते.

प्रत्यक्ष स्क्रिप्ट फार तर आठ-दहा ओळींची असते. 'एलसीडी' आपल्याकडच्या फोल्डरमध्ये नेते, 'सीडी' बँकेकडच्या. 'पुट' फाइल चढवते, 'रिनेम' नाव बदलते, 'एलएस' यादी दाखवते, 'गेट' उत्तर उतरवून घेते, 'बाय' निरोप घेते. (फोल्डरची नावे बँकेच्या नजरेतून ठेवलेली असतात: तिचे 'इनबाउंड' म्हणजे कंपनीचे जाणारे. पहिल्या दिवशी सगळे इथे अडखळतात.) या कमांड एका फाइलमध्ये लिहून एसएफटीपीला 'वजा बी' या पर्यायासह दिल्या की तो त्या ओळीने चालवतो, एखादी फसली तर तिथेच थांबतो आणि शून्याखेरीज दुसरा कोड परत देतो. एखाद्या कमांडचे अपयश चालणार असेल तर तिच्या आधी वजाचे चिन्ह टाकतात.

हे थांबणे किती मोलाचे आहे ते जुन्या एफटीपी स्क्रिप्टकडे पाहिले की कळते. तिथे 'सीडी' फसले तरी पुढचा 'पुट' चालतो. फाइल चढते, पण ठरलेल्या फोल्डरऐवजी लॉगिनच्या मूळ फोल्डरमध्ये जाऊन पडते, जिथे बँकेची यंत्रणा कधी डोकावत नाही. शेवटी कोड मात्र 'सर्व ठीक'चा येतो. दुपारपर्यंत कोणाला पत्ता नसतो आणि मग कामगारांचे फोन सुरू होतात. विंडोजवर विनएससीपी हा फायली पाठवण्याचा प्रोग्रॅम वापरणारे याच कारणासाठी स्क्रिप्टच्या सुरुवातीला चूक झाल्यास थांबण्याचा आदेश देतात आणि प्रत्येक फेरीची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात.

'रिनेम'चे प्रयोजन वेगळे आहे. बँकेची यंत्रणा ठरावीक अंतराने फोल्डर तपासत असते. फाइल अर्धीच चढलेली असताना तिची नजर पडली तर दोन हजारांपैकी बाराशे ओळीच उचलल्या जातील. म्हणून फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवतात आणि पूर्ण चढल्यावर नाव बदलतात. नावबदल एका क्षणात होतो, अर्धा होत नाही. जिथे नाव बदलण्याचा अधिकार बँक देत नाही तिथे मुख्य फाइल पूर्ण चढली की एक रिकामी खुणेची फाइल पाठवायची पद्धत असते. ती दिसल्याशिवाय बँक मुख्य फाइलला हात लावत नाही.

एसएसएच फाइलचे रक्षण वाटेवर करते. सर्व्हरवर पोचलेली फाइल तिथे उघडीच पडते. मे २०२३ मध्ये 'मूव्हइट' या फायली पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून 'क्लॉप' टोळीने जगभरच्या असंख्य संस्थांच्या सर्व्हरवरच्या फायली नेल्या. म्हणून फाइल निघण्यापूर्वीच पीजीपी या कूटलेखनाच्या पद्धतीने बंद करतात: कंपनीच्या खासगी किल्लीने सही, बँकेच्या सार्वजनिक किल्लीने कुलूपबंदी. मग कोणी ती नेली तरी वाचता येत नाही, आणि कोणी बदलली तर सही जुळत नाही. या किल्ल्यांना बहुधा मुदत असते. ती संपल्याचे नेमके पगाराच्या दिवशी लक्षात येते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

आता फाइलच्या आतले. सर्वांत जास्त नुकसान करणारे साधन एक्सेल आहे. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक नेमके धरते. सोळा अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून उघडला तर शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीची शून्ये तर गळूनच जातात. कोणी 'फक्त एकदा बघण्यासाठी' फाइल उघडून जतन केली, तरी खाते दुसऱ्याचे होऊ शकते. स्क्रिप्टने म्हणून पाठवण्याआधी ओळी मोजाव्यात, रकमेची बेरीज करावी आणि दोन्ही आकडे पगाराच्या सॉफ्टवेअरने दिलेल्या आकड्यांशी जुळवावेत. आयएफएससी अकरा अक्षरांचा आहे का, पाचवे अक्षर शून्य आहे का, हेही पाहता येते. अमेरिकेत बँका पगार आणि हप्त्यांसाठी वापरतात त्या एसीएच फायलींत याची जुनी, हुशार तोड आहे. प्रत्येक ओळ ९४ अक्षरांची, आणि शेवटच्या ओळीत नोंदींची संख्या व रकमांच्या बेरजांबरोबरच बँकांच्या ओळख-क्रमांकांचीही बेरीज. त्या बेरजेला स्वतःचा अर्थ काहीच नाही. एखाद्या बँकेचा अंक बदलला तर ती चुकते, एवढ्यासाठीच ती आहे.

फाइल चढली, कोड शून्य आला. यावरून पैसे गेले असे ठरत नाही. टपालाची पोचपावती पत्र पोचल्याचे सांगते. ते कोणी उघडले का, हे सांगत नाही. बँकेचे उत्तर टप्प्याटप्प्याने येते: फाइल मिळाली, फाइलची रचना बरोबर आहे, अमुक ओळी स्वीकारल्या, तमुक नाकारल्या. स्वीकारलेल्या ओळींना त्या त्या व्यवहाराची ओळख असलेला यूटीआर क्रमांक मिळतो. तरीही गोष्ट संपत नाही, कारण एनईएफटीचे व्यवहार दर अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी चालतात, आणि खाते बंद असल्यामुळे समोरच्या बँकेने परत पाठवलेले पैसे नंतर येतात. आंतरराष्ट्रीय आयएसओ २००२२ मानकात या टप्प्यांना वेगवेगळे संदेश नेमलेले आहेत: देण्याचा आदेश, त्याची स्थिती, दिवसअखेरचा उतारा. भारतात अजूनही बऱ्याच बँकांचा आपापला साचा चालतो. साचा कोणताही असो, स्क्रिप्टला उत्तर पुन्हा पुन्हा पाहावे लागते आणि ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही तर माणसाला उठवावे लागते. उत्तर न येणे ही देखील बातमी असते.

सर्वांत नाजूक क्षण येतो जोडणी मध्येच तुटते तेव्हा. फाइल गेली की नाही? पुन्हा पाठवावी तर पगार दोनदा होईल, न पाठवावी तर एकदाही होणार नाही. इथे आपोआप पुन्हा पाठवणारी स्क्रिप्ट धोकादायक ठरते. आधी 'एलएस'ने पाहायचे. फाइल दिसली नाही तरी बँकेने ती उचलून दुसरीकडे हलवलेली असू शकते, म्हणून उत्तराचा फोल्डरही पाहायचा. प्रत्येक फाइलचे नाव आणि प्रत्येक ओळीचा संदर्भ क्रमांक एकमेव ठेवायचा, आणि पाठवायचीच झाली तर त्याच नावाने पाठवायची, म्हणजे दुसरी प्रत बँक नाकारील. नवे नाव देऊन पाठवणे हाच दुहेरी पगाराचा राजमार्ग आहे. घड्याळाचाही असाच दगा असतो. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. तिथे सकाळी ११ साठी नेमलेली स्क्रिप्ट भारतात दुपारी साडेचारला जागी होते आणि बँकेची त्या दिवसाची वेळ टळून जाते.

सगळ्यांत कमी लक्ष जाते ते ज्या फोल्डरमधून स्क्रिप्ट फाइल उचलते त्याकडे. तिथे फाइल ठेवू शकणारा प्रत्येक जण प्रत्यक्षात कंपनीचे पैसे पाठवू शकतो, कारण स्क्रिप्ट सही आणि कुलूपबंदी निष्ठेने करून टाकते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या चोरांनी बँकांमधले संदेश नेणाऱ्या 'स्विफ्ट'च्या जाळ्यातून ३५ आदेश पाठवले. ते रीतसर ओळखीनिशीच गेले, आणि ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्समध्ये पोचले. म्हणून यादी बनवणारा, मंजूर करणारा आणि स्क्रिप्ट सांभाळणारा हे तीन वेगळे ठेवतात. काही कंपन्या फाइल पोचल्यावरही बँकेच्या पोर्टलवर अधिकाऱ्याची अंतिम मंजुरी मागतात. वेग कमी होतो, पण मघाशी गेलेला डोळा परत येतो.

अलीकडे एकेक व्यवहार क्षणात पाठवणाऱ्या एपीआय आल्या आहेत. विम्याचा दावा किंवा ग्राहकाचा परतावा यांना त्या योग्य. महिन्याचा पगार आणि लाखो हप्त्यांची वसुली यांसाठी फाइल अजून टिकून आहे, कारण तिची बेरीज एका नजरेत जुळवता येते आणि लेखापरीक्षकासमोर ती जशीच्या तशी ठेवता येते.

व्यवस्था सुरू करण्यापूर्वी बँकेच्या चाचणी सर्व्हरवर खोट्या फायली पाठवतात, मग खऱ्या सर्व्हरवरून एक-दोन खात्यांत एक रुपया. बहुतेक जण इथे थांबतात. चांगला चमू पुढे जाऊन मुद्दाम गोंधळ घालतो: फाइल चढत असताना जाळे तोडतो, तीच फाइल दोनदा पाठवतो, एक बंद खाते घुसवतो, एक ओळ कमी करतो, फोल्डरचे नाव चुकवतो. दर वेळी स्क्रिप्ट थांबली का, आणि कोणाच्या फोनवर संदेश आला का, हे दोन रकान्यांत लिहून ठेवतो. दुसरा रकाना कोरा राहिला तर पगार आणखी एक महिना हातानेच होतो.