मेद, वजन आणि आरोग्य

शरीरातील मेद हा सर्वस्वी अनिष्ट पदार्थ नव्हे. त्वचेखालील चरबी शरीराची ऊब राखते, आतील अवयवांना धक्क्यापासून जपते आणि आजारपणात उपयोगी पडणारा शक्तीचा साठा सांभाळते. कणगी भरलेली असणे हे घराच्या सुस्थितीचे लक्षण होय. परंतु तेच धान्य कणगीबाहेर ओसंडून चुलीपर्यंत पसरले, तर घरात वावरणे कठीण होते. मेदाचेही तसेच आहे.

त्वचेखालची जागा अपुरी पडली की मेद पोटातील अवयवांभोवती, यकृतात व स्नायूंत साठू लागतो. मग रक्तातील साखर पेशींत पोहोचविणाऱ्या इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. स्वादुपिंडास अधिक इन्शुलिन निर्माण करावे लागते. ते थकले म्हणजे मधुमेह जडतो. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, गुडघे झिजतात आणि झोपेत श्वास अडखळतो.

लठ्ठपणा हा शहरातील सुखवस्तू लोकांचाच विकार, अशी समजूत खेड्यांत आढळते. ती बरोबर नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गरोदर माता व त्यांची बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. आपली बालके हाडापेराने व स्नायूंनी बरीच लहान होती. त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. अशा कृश बालकाचे वजन पुढे झपाट्याने वाढले, तर मधुमेहाचा धोका वाढतो. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या व फळे वारंवार होती, त्यांची बालके अधिक भरदार होती, हेही या अभ्यासात दिसून आले.

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्यास शरीरभारांक म्हणतात. उंची १.६ मीटर व वजन ६० किलो असल्यास तो ६० ÷ २.५६, म्हणजे सुमारे २३.४ येतो. भारतीय प्रौढांनी २३ पासूनच सावध व्हावे, असे तज्ज्ञांचे मत आहे. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० व स्त्रीचा ८० सेंटिमीटरहून अधिक नसावा. मुलांना मात्र हे आकडे लावू नयेत. त्यांच्यासाठी वय व लिंग यांनुसार निराळी कोष्टके आहेत.

शिक्षकाने या माहितीचा उपयोग कसा करावा? खेळाचा तास गणितासाठी खर्ची घालू नये; धावण्याने स्नायू वाढतात व साखरेचा विनियोग होतो. वाढदिवसाला गोळ्या-बिस्किटांऐवजी पेरू, बोरे, शेंगदाणे किंवा भिजवलेले हरभरे वाटण्याची प्रथा पाडावी. पालकसभेत मुलींच्या आहाराचा विषय अगत्याने काढावा, कारण आजची विद्यार्थिनी ही उद्याची माता आहे. आरोग्य तपासणीच्या दिवशी उंची व वजन अचूक नोंदवावे, परंतु आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत. स्थूल मुलास टोपणनावाने हाक मारू देऊ नये आणि त्यास उपाशी ठेवण्याचा सल्लाही देऊ नये. चेष्टेने वजन उतरत नाही. मूल तेवढे मैदानापासून दूर जाते, आणि त्याच मैदानाची त्याला सर्वांत अधिक गरज असते.