दोर, फिल्म आणि २०.२१८

शेततळ्याला घालायचा ‘कागद’ असो, पाचगणीच्या स्ट्रॉबेरीखालचा मल्चिंग पेपर असो की गाडीच्या काचेवरची गडद फिल्म, या पातळ प्लास्टिकचा नाद मला फार जुना. त्याचा माग काढताना वाट पुन्हा पुन्हा तासगावला येते. उद्योजक आबासाहेब गरवारे १९०३ साली तिथे जन्मले. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचा सांगली जिल्हा झाला. जुन्या मोटारींच्या व्यापारापासून आबासाहेब पद्मभूषणपर्यंत पोचले. त्यांच्या समूहाची पॉलिएस्टर फिल्म छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) निघते, दोरखंड आणि जाळी वाईत. वितळलेलं पॉलिमर ओढण्याचं गणित या दोन्ही मालांच्या मुळाशी एकच आहे, आणि मला खरी ओढ त्याची.

पॉलिएस्टर साधारण २८० अंशांना वितळवून सपाट डायमधून, म्हणजे लांबट फटीच्या साच्यातून, त्याचा पडदा थंड रोलवर सोडतात. तो रेंगाळत निवला, तर १७०-१८० अंशांच्या आसपास त्यात स्फटिक धरतात आणि फिल्म दुधाळ, ठिसूळ होते. प्लास्टिकमधून उष्णता तर फार सावकाश बाहेर पडते, आणि निवण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १५० मायक्रॉनच्या थराला ढोबळमानाने पाव सेकंद लागतो, ५०० मायक्रॉनला अडीच. पुढे तो थर पुन्हा तापवून लांबीत आणि रुंदीत साडेतीन-साडेतीन पट ताणला की १२ मायक्रॉनची फिल्म हाती येते.

डाय आणि रोल यांच्यामधल्या त्या वीतभर अंतरात काय घडतं, याचं उत्तर मला जुन्या शोधनिबंधांत सापडलं. मॅटोविच आणि पिअर्सन यांनी १९६९ साली वितळलेल्या धाग्याचा प्रवाह समीकरणांत मांडला. द्रव मधासारखा निव्वळ घट्ट, लवचीकपणा नाही, तापमान सगळीकडे सारखं, असं त्यांनी गृहीत धरलं. रोलचा वेग डायमधून सुटणाऱ्या द्रवाच्या वेगाच्या २०.२१८ पटींपलीकडे गेला, की मोटर अगदी एकसारखी फिरत असतानाही धागा आपोआप जाड-बारीक होऊ लागतो. कारण असं की बारीक झालेला भाग रोलवर पोचताच ताण बदलतो, तो बदल तत्क्षणी वर डायपर्यंत जाणवतो आणि तिथे पुढच्या जाड भागाचं बीज पडतं. १९७४ मध्ये यीओ यांनी रुंद फिल्मचं गणित केलं, आणि उत्तर तेच निघालं: २०.२१८. दोराच्या धाग्याला आणि फिल्मच्या पडद्याला एकच मर्यादा, याचा आनंद मला आजही होतो.

दीड मिलिमीटरच्या फटीतून १५० मायक्रॉनचा थर काढला तर ओढ, म्हणजे रोलच्या आणि डायमधल्या वेगांचं हेच गुणोत्तर, दहा पट; तिथे निर्धास्त. २५ मायक्रॉनचा मल्चिंग पेपर सपाट डायच्या अर्ध्या मिलिमीटर फटीतून काढायचा म्हटलं, तर ओढ थेट वीसवर, त्या मर्यादेच्या काठावर जाते. तरीही पातळ माल निघतो, कारण वाटेत निवताना द्रव घट्ट होतो आणि जाडीचं ते डोलणं बहुतेक वेळा आवरतं. शाखादार रेणूंचं एलडीपीई हे पॉलिथिन तर ताणलं की अधिकच प्रतिकार करतं. म्हणून उष्णतेचं आणि प्रवाहाचं समीकरण एकत्रच सोडवायला हवं. एक बाजूला ठेवून केलेल्या मॉडेलवर माझा विश्वास बसत नाही.

जाडी बिघडली की पहिला ठपका यंत्र चालवणाऱ्यावर येतो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. जाडीच्या नोंदीत ठरावीक अंतराने लाट दिसली, तर मोटर खोलण्याआधी रोलचा वेग थोडा उतरवून पाहावा.