नर कोण पोसणार?

इंग्लंडच्या नैऋत्य भागात सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात सफरचंदांच्या बागा आहेत. झाडाखाली पडलेली फळे खाऊन आणि चीज करताना उरलेली निवळ पिऊन वाढलेले एक डुक्कर ही त्या मुलखाची ओळख: ग्लॉस्टरशर ओल्ड स्पॉट्स. अंग पांढरे, त्यावर काळे ठिपके, आणि कान इतके मोठे की डोळे झाकून थेट नाकाडापर्यंत लोंबतात. पाठीवर सफरचंदे आदळून हे ठिपके उमटले, असे तिथली जुनी माणसे सांगत.

या डुकरांना घराणी असतात. वंशावळीच्या नोंदवहीत मादीला आईच्या घराण्याचे नाव मिळते आणि नराला बापाच्या. प्रिन्सेस मेरीची लेक प्रिन्सेस मेरी, जोसेफिनची लेक जोसेफिन. जेराल्डचा मुलगा जेराल्ड, पॅट्रिकचा पॅट्रिक. चांगली डुकरीण वर्षाला दोन वेते देते, एका वेतात आठ-दहा पिल्ले. त्यातल्या दोन-तीन माद्या पैदाशीला ठेवणे कोणत्याही छोट्या शेतकऱ्याला जमते. नर मात्र जवळजवळ सगळेच कत्तलखान्यात जातात. शेवटचा जेराल्ड म्हातारा झाला आणि त्याचा एकही मुलगा पैदाशीसाठी राखला गेला नाही, तर ते घराणे कायमचे मिटले. म्हणून एखाद्या दुर्मीळ जातीच्या माद्या किती उरल्या हे कोणी सांगितले, की मी पुढचा प्रश्न विचारते: नर किती, आणि ते किती घराण्यांचे?

याला गणिताचा आधार आहे. जातीत १०० माद्या आणि ५ नर असतील, तर डोकी १०५ भरतात. पण आनुवंशिक विविधतेच्या हिशेबात त्या कळपाची किंमत जेमतेम १९ जनावरांची, कारण प्रत्येक पिल्लाचा अर्धा वारसा त्या पाचांतल्याच कोणाकडून तरी येतो. माद्या दुप्पट करून २०० केल्या, तरी तो आकडा साडेएकोणीसच्या पुढे जात नाही. माद्या शंभरच ठेवून नर पाचाचे दहा केले, तर तो एकदम ३६ वर जातो. पाच नर जास्त पोसल्याने जे साधते, ते शंभर माद्या वाढवूनही साधत नाही. रक्त फार जवळ आले की वेतातली पिल्ले घटतात, जगलेली अशक्त निघतात.

ओल्ड स्पॉट्ससारख्या जाती दुर्मीळ झाल्या त्या कोणत्याही रोगाने नव्हे. एकेकाळी ब्रिटनमध्ये खेडोपाडी परसात एखादे डुक्कर असे आणि प्रत्येक परगण्याची जात निराळी. दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्कच्या एकसारख्या बेकनशी स्पर्धा करायची होती. १९५५मध्ये सर हॅरॉल्ड हॉविट यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने सांगितले, की इतक्या नाना जाती हाच धंद्यातला अडथळा आहे, मोजक्याच जातींवर भर द्या. लार्ज व्हाइट आणि लँड्रेस पुढे आल्या, बाकीच्यांचे गिऱ्हाईक तुटले. कंबरलंड १९६०च्या सुमारास संपली. डॉर्सेट गोल्ड टिप गेली. मेंढीसारखी लोकर अंगावर वागवणारी लिंकनशर कर्ली कोट १९७२मध्ये नामशेष झाली.

पुढच्याच वर्षी, १९७३मध्ये, दुर्मीळ जाती वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट उभा राहिला. तेव्हापासून तिथली एकही देशी जात नष्ट झालेली नाही. कर्ली कोटची कथा मात्र तिथे थांबत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची काही जनावरे हंगेरीकडे गेली होती आणि तिथल्या कुरळ्या केसांच्या मंगालित्सा डुकरांशी त्यांचा संकर झाला होता. २००६मध्ये मंगालित्सा ब्रिटनमध्ये आणली गेली, तेव्हा त्या जुन्या रक्ताचा अंश परतला असेल अशी आशा अनेकांना वाटली. अंश म्हणजे जात नव्हे, पण ती आशा मला समजते.

आता प्रत्यक्ष पैदाशीकडे येऊ. हे काम छोट्या शेतावर चालते तेव्हा ते जवळून पाहण्यासारखे असते. डुकरीण दर २१ दिवसांनी माजावर येते. ओळखायची रीत साधी: मागून जाऊन दोन्ही तळव्यांनी तिची पाठ दाबायची. एरवी कुरकुरत निसटणारी डुकरीण जागच्या जागी घट्ट उभी राहिली, की वेळ झाली. तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी ती विते. विण्याच्या आदल्या दिवशी ती तोंडाने पेंढा ओढून आणते, पुढच्या पायांनी रचते, परत विस्कटते, परत रचते. सड पिळला की दुधाचा थेंब येतो, तेव्हा माणसाने रात्री झोपायचे नाही हे ठरलेले. पिल्ले दीड किलोच्या आतबाहेर आणि आई दोनशे किलोंच्या वर. ती आडवी होताना एखादे पिल्लू अंगाखाली चेंगरण्याचा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत मोठा. म्हणून खोपीच्या भिंतीलगत एक आडवी दांडी बसवतात, तिच्यामागे पिल्लांना निसटायला जागा राहते.

पहिल्या काही दिवसांतच प्रत्येक पिल्लू आपला सड ठरवते आणि दूध तुटेपर्यंत तोच धरून राहते. पुढच्या सडांना दूध जास्त, त्यामुळे दांडगी पिल्ले तिथे. सडांचा हिशेब म्हणूनच कडक: ओल्ड स्पॉट्सच्या जातिमानकात किमान १४ सड लागतात. आणि ते नराच्याही पोटावर मोजतात, कारण तो आपल्या मुलींना तेच देणार असतो. ठिपका एकही नसला, कान ताठ निघाले, पाय वाकडे पडले, की पिल्लू नोंदवहीत जात नाही. या निवडीत दयामाया करणारा माणूस जातीचे नुकसान करतो. बहुतेक पिल्ले खाण्यासाठीच वाढवायची असतात आणि त्यांच्याच पैशांवर बाकीची जगतात. २०१०मध्ये पारंपरिक पद्धतीने वाढवलेल्या ओल्ड स्पॉट्सच्या मांसाला युरोपीय संघाने ‘पारंपरिक वैशिष्ट्य’ म्हणून संरक्षण दिले, त्याचा फायदा या पैदासकारांना झाला.

तरी नराचा प्रश्न उरतोच. पूर्ण वाढलेला नर अडीचशे किलोंच्या पुढे जातो, त्याला रोज दोन-तीन किलो दाणा लागतो, वेगळे मजबूत कुंपण लागते. दोन-तीन माद्या असलेल्या शेतावर त्याला वर्षातून मोजकेच दिवस काम. शेजाऱ्याचा नर उसना आणावा, तर ब्रिटनच्या नियमाप्रमाणे बाहेरचे डुक्कर शेतावर आले की २० दिवस तिथली डुकरे सहसा बाहेर हलवता येत नाहीत. एकच डुक्कर पाळले तरी नोंदणी आणि वाहतुकीचा परवाना लागतोच. तिथल्या २००१च्या लाळखुरकताच्या साथीची सुरुवात उष्टेखरकटे खाऊ घालणाऱ्या एका डुक्करशाळेतून झाली होती. या सक्तीमागे असे अनुभव आहेत आणि ती मला योग्य वाटते.

मग कृत्रिम रेतन? ते चालते, रेताच्या नळ्या टपालाने घरपोच येतात. पण डुकराचे रेत गायीबैलांच्या रेतासारखे गोठवणे मानवत नाही. गोठवलेल्या रेतातून गर्भ राहण्याचे प्रमाण घसरते. म्हणून ते १७ अंश सेल्सियसच्या आसपास, ताजेच ठेवतात आणि काही दिवसांत वापरतात. म्हणजे नळीच्या दुसऱ्या टोकाला जिवंत नर कोणीतरी पोसत असावाच लागतो.

हा हिशेब आपल्यालाही लागू आहे. काणकोण तालुक्यातल्या आगोंद गावाच्या नावाने ओळखले जाणारे ‘आगोंद गोवन’ हे बहुतांशी काळे, काटक डुक्कर कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवले आहे, आणि जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत त्यावर काम चालते. गोव्याच्या चोरीस आणि सोरपोतेलची परंपरा अशाच गावठी डुकरांच्या जिवावर वाढली. मात्र वजन वाढवण्यासाठी संकर करतात तेव्हा मादी गावठी आणि नर विलायती, अशीच जोडी सहसा लावली जाते. काळ्या माद्या त्यानंतरही अंगणात दिसत राहतात. काळा नर ठेवण्याचे कारण मात्र पहिल्या संकरालाच संपते. आगोंदच्या डुकरासाठी पैसा खर्च करायचाच असेल, तर तो आधी वेगवेगळ्या वाड्यांवरच्या, एकमेकांशी नाते नसलेल्या नरांच्या दाण्यावर करावा आणि प्रत्येक वेताचा बाप कोण हे वहीत लिहून ठेवावे.